वरचा सूर बोटावर

बाबा, तुमची ती रेकॉर्ड आता सीडीवर मिळते. गेल्या शनिवारी इथल्या तोआ पायोह भागातल्या एका दुकानात दिसली. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत झालेल्या रेकॉर्डिंगांचा संच आहे, खरखर काढून साफ केलेला, आणि तुमची ती तंतुवाद्यांची संथ रचना त्यात सातवी. घरी आणून लावली. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझं उजवं बोट टेबलावर चालतंय, वर, आणखी वर, थोडं खाली, परत वर. समोर लेक अभ्यास करत होती. तिने विचारलं, आई, काय करतेयस? मी म्हटलं, काही नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांनी लिहायला बसायचं कारण म्हणजे ते 'काही नाही'.

पुण्याला बी.ए. करून मी इथे परदेशात, तुमच्या आणि आईच्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा बावीस वर्षांची होते. तुम्ही मालवाहू जहाजावर इंजिनिअर. आठ-दहा दिवसांची फेरी, मग चार दिवस घरी. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज कुटुंबाकडून तुम्ही त्यांचा रेडिओग्राम घेतला होता, रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेलं चार पायांचं ते लाकडी कपाट, आणि सोबत जड काळ्या रेकॉर्डींचे दोन खोके. आई म्हणायची, लोक परदेशातून सोनं नेतात, यांनी इंग्रजांची अडगळ वर उचलून आणली. फेरीवरून आल्यावर पहिल्याच सकाळी, अंघोळ झाली की, तुम्ही त्या कपाटाशेजारी स्टूल ओढून बसता. उजवा तळहात लाकडावर सपाट. समोरच्या खुर्चीत मी. फटीत पातळ पातं सरकवावं तशी हळू सुई टेकवता आणि म्हणता, "तू वरचा सूर धर. मी खालचा धरतो."

मला एकच सूर ऐकायची सवय होती. आपल्याकडे गाणं म्हणजे एक गळा, बाकीचे त्याच्या साथीला. या इंग्रजी रेकॉर्डींतही मी चाल तेवढी धरायची आणि उरलेल्या वाद्यांना साथ समजून सोडून द्यायची. तुम्ही म्हणालात, ती साथ नव्हे, ती चालीच्या खालची जमीन आहे. त्या रचनेत चाल तीन वेळा येते. तिचा एक सूरही बदलत नाही, तरी पहिल्यांदा ती अंगाईसारखी वाटते आणि तिसऱ्यांदा घरातून कोणी गेल्यासारखी. बदललं काय, असं तुम्ही दर वेळी विचारायचात आणि मला सांगता यायचं नाही. मग तुम्ही लाकडावर तळहात किंचित दाबून म्हणायचात, "खालचं बदललं." मला सवय लागावी म्हणून तुम्ही मला चाल बोटाने दाखवायला लावलीत. सूर चढला की गुडघ्यावरचं माझं बोट पुढे जायचं, उतरला की मागे यायचं, आणि तुम्ही त्या बोटाकडे बघत ऐकायचात. मला वाटायचं, तुम्ही माझी परीक्षा घेताय. त्या चार-पाच मिनिटांत मी तुम्हाला जितकी हवी होते तितकी आयुष्यात कोणालाच हवी नव्हते, हे मी तेव्हाच डायरीत लिहिलं होतं. ते वाक्य अजून खरं वाटतं.

खोक्यातल्या त्याहून जुन्या रेकॉर्डी तुम्ही कधीच लावत नव्हता. म्हणायचात, यांना तळ नाही. मी ते रसिकाचं मत समजले. आता सीडीच्या पुस्तिकेत वाचलं की मायक्रोफोन यायच्या आधी वादक एका कर्ण्यासमोर दाटीने बसत आणि मोठ्या वाद्यांचे खर्जातले सूर त्यात नीट उतरतच नसत. ते काम एखाद्या पितळी वाद्याकडून करून घेत. म्हणजे चाल उरायची आणि जमीन जायची. तुम्ही बरोबर होता. पण तुम्हाला ते का कळत होतं, हे पुस्तिकेत नाही.

एका रविवारी तुमच्या जहाजावरचे दोघे जेवायला आले होते. जेवणानंतर तुम्ही नको नको म्हणत असताना मीच रेकॉर्ड लावली. त्यातले एक काका म्हणाले, "साहेब, दिवसभर इंजिनाचं रडं ऐकता, घरी येऊन पुन्हा हे इंग्रजांचं?" मला तुमचं कौतुक सांगायचं होतं. मी म्हटलं, बाबा खालचे सूर ऐकतात, वरची चाल त्यांना मी बोटाने दाखवते. काका हसले. "म्हणजे साहेब डोळ्यांनी ऐकतात की काय?" तुम्ही सुई उचललीत. माझ्याकडे न बघता म्हणालात, "हिला वरवरचंच कळतं. चार वर्षं कॉलेजात घालवली, कान काही तयार झाला नाही." दोघं पुन्हा हसले. आईसुद्धा हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन घासलेली ताटं पुन्हा घासली.

तिसऱ्या दिवशी आई खाली बाजारात गेली होती. मी ओट्याशी भाजी निवडत होते. तुम्ही आलात, काड्या उचलून कचऱ्यात टाकल्यात आणि माझ्याकडे पाठ करून बोललात. "वरचं जातंय. दोन वर्षं झाली. फोन, कुकरची शिट्टी, पाखरं. तुझ्या आईचं निम्मं बोलणं." मग आणखी एक काडी टाकत, "त्याचं एवढं नाही वाटत." मी हसले नाही. तुम्ही सांगत राहिलात. इंजिनरूममध्ये निभतं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला, की बेअरिंगचा आवाज कवटीत येतो. पण आता वार्षिक तपासणी आहे. डॉक्टर मागे उभा राहून आकडे कुजबुजतो आणि आपण ते परत म्हणायचे. कुजबुज म्हणजे तुम्हाला नुसता वारा. नापास झालात तर समुद्र बंद. दवाखान्याची एकच खोली होती, नातेवाईक भिंतीकडच्या खुर्चीत बसत. "तू समोर बस. गुडघ्यावर बोटं ठेव. चार म्हणाला तर चार. आपलं रोजचंच आहे."

मी हो म्हटलं. रविवारचं ते वाक्य तुम्ही का बोललात ते तेव्हा कळलं. मी तुमचं गुपित तुमच्याच माणसांपुढे उघडं करत होते. रागाचं कारण गेलं, पण राग गेला नाही. तुम्ही ते वाक्य परत घ्याल असं मला वाटत होतं. तुम्ही उरलेल्या काड्या गोळा केल्यात आणि गेलात.

दवाखान्यात सकाळचं ऊन आहे. तुम्ही स्टुलावर, डाव्या कानावर तुमचाच हात. डॉक्टर तुमच्या मागे दोन पावलांवर. नर्स कपाटापाशी. डॉक्टर कुजबुजतात आणि मला स्वच्छ ऐकू येतं, फोर. तुमची नजर माझ्या गुडघ्यावर आहे, अगदी रेडिओग्रामपाशी असते तशी, शांत, विश्वासाची. माझा हात गुडघ्यावर सपाट आहे. तो तसाच राहतो. तुम्ही थोडं थांबून नाइन म्हणता. डॉक्टर पुन्हा कुजबुजतात, टू. तुम्ही सिक्स म्हणता. एकदाही मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे बघत नाही. बोट हलेल एवढीच वाट बघता. तिसऱ्या आकड्याला तुम्ही अंदाज केला नाहीत. कानावरचा हात काढून म्हणालात, "आय कॅनॉट हिअर, डॉक्टर."

बसमध्ये तुम्ही खिडकीशी बसलात. मी तुमच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "नर्स बघत होती, बाबा." तुम्ही मान डोलावलीत. "बरं झालं. तुझ्यावर आलं असतं." मग माझ्या गुडघ्यावर, त्याच जागी, दोनदा थोपटलंत.

त्यानंतर तुम्हाला किनाऱ्यावरच्या गोदामात खिडकीमागे बसवलं. माणसं सुटे भाग मागायला येत, तुम्ही पुढे वाकून ओठांकडे बघत, ती वैतागत, शेवटी चिठ्ठ्या लिहून देऊ लागली. घरीही तसंच झालं. आई फ्रिजवर निरोप लिहून ठेवायची. रेकॉर्ड तुम्ही काही दिवस एकट्याने लावलीत, तळहात लाकडावर, समोर रिकामी खुर्ची. मी आतून ऐकायचे. येऊन बसावं असं रोज वाटायचं आणि बसले तर दवाखान्यात काय झालं ते उघड होईल अशी भीती वाटायची. मग तुम्ही लावणंच सोडलंत. तीन वर्षांनी गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याचा कानाशी संबंध असतो का, हे मी विचारलं होतं. नसतो म्हणाले.

मी माझी बाजू पुष्कळ वेळा मांडून पाहिली आहे. बहिरा होत चाललेला माणूस इंजिनरूममध्ये असणं धोक्याचं होतं. एखाद्या दिवशी धोक्याची घंटा ऐकू आली नसती आणि दुसऱ्या कोणाची मुलगी आज असं पत्र लिहीत असती. डॉक्टरला फसवणं चूक होतं. यातलं काहीही खोटं नाही. फक्त त्या खुर्चीत बसले असताना यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं. मनात तुमचं रविवारचं वाक्य होतं. हात सपाट राहिला ही गोष्ट तीच. तिच्याखाली मी सत्य ठेवलं तर ती एक होते आणि तो रविवार ठेवला तर दुसरी.

लेक शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते. हे वाद्य व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, जाड आवाजाचं, आणि चाल त्याच्या वाट्याला फारशी येत नाही. इथल्या पोरांच्या इंग्रजीत तिची तक्रार असते, "ट्यून ऑल्वेज व्हायोलिनला, वी ओन्ली फिल इन लाह." परवा सीडी ऐकताना ती पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "वेट, आई. खाली ऐक. चेंज झालं." चाल तिसऱ्यांदा आली होती. मला तुमचं सांगायचं होतं. मी उठून गॅस बघायला गेले, गॅसवर काहीही नव्हतं.

हे कागद त्या वर्षीच्या डायरीत ठेवतेय. दवाखान्याच्या दिवसाचं पान आज उघडलं. मी लिहिलं आहे: 'बाबा तपासणीत नापास. नर्स बघत होती, माझा नाइलाज झाला.' डायरी माझी, वाचणारी मी, तरी तिथेही तेच लिहिलं. नर्स कपाटात बाटल्या लावत होती, बाबा. तिची पाठ होती माझ्याकडे.