पोस्टरवर नसलेलं नाव

शनिवार, १४ जून, अल्बनी, ऑकलंड

मंडळाच्या नाटकाचं पोस्टर आज ग्रुपवर आलं. लेखक म्हणून आमच्या दिग्दर्शकाचं, सुबोधचं नाव. लेखक? याने फक्त रूपांतर केलंय. नाटक एडविन पेनीवेलचं. तो इंग्रज नट जन्मभर सिनेमात बटलर नाहीतर पोस्टमन झाला, दोन वाक्यं बोलून, दार लावून जाणारा. म्हणूनच असेल, स्वतः लिहायला बसला तेव्हा सगळ्यात सुंदर संवाद त्याने मोलकरणीला दिले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी ती मोलकरीण मला करायला लावली होती. अजून पाठ आहे. आणि पोस्टरवर त्याचं नाव कुठेच नाही.

सुबोधला फोन केला. तो हसला. "काकू, पात्रं पुण्याची, चहा पुण्याचा. त्याचं काय उरलंय त्यात? आणि ऑकलंडमध्ये त्याला ओळखतंय कोण?"

"मी ओळखते. त्याचं नाव घाल, नाहीतर आईच्या भूमिकेला दुसरी कुणी बघ."

फोन ठेवला. इतक्या वर्षांनी मिळालेली भूमिका, जाईल कदाचित. जाऊ दे. पेनीवेलही असाच जायचा ना, दोन वाक्यं बोलून, दार लावून.