टाकीतले काका

९ मार्च

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

इथे येऊन आज एकवीस दिवस झाले. आई गेल्यावर माझं डोकं फिरलं होतं, हे मी कबूल करते. आठवडाभर झोपले नाही, धड जेवले नाही आणि तुझ्या बायकोच्या अंगावर इस्त्री फेकली. ती तिला लागली नाही हे माझं नशीब. तू सही करून मला इथे आणून घातलंस ते बरोबरच केलंस. आता झोप लागते, दोन्ही वेळा जेवते, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाई रडायला लागल्या की त्यांची समजूत काढायचं काम माझ्याकडेच आलंय.

वॉर्डाच्या दाराशी एक पाटी आहे, कायद्याने लावावीच लागते म्हणे. रंगाऱ्याने 'रुग्णांचे हक्क' ऐवजी 'रुग्णांचे हट्ट' असं रंगवून ठेवलंय. छापखान्यात वीस वर्षं प्रुफं तपासलेल्या बाईला हे कसं बघवेल? मी पेन्सिलीने दुरुस्त केलं. सिस्टरने माझ्या कागदांत 'भिंतीवर लिहिते' अशी नोंद केली. असो. त्यातला चौथा हट्ट असा, की मनाविरुद्ध एखाद्याला तीस दिवसांच्या वर ठेवायचं तर मंडळापुढे चौकशी व्हावी लागते. माझी तारीख अठराला आहे. घरच्या माणसाने नेतो म्हटलं तर सोडतील, असं डॉक्टर म्हणाले. माझा प्रतिनिधी तू. तेव्हा वेळेवर ये आणि दाढी करून ये, नाहीतर तुलाच ठेवून घेतील.

चष्मा सापडत नाही. टाकीतले काका माझ्या मागोमाग इथवर आलेले दिसतात. काल त्यांनी एक चप्पलही नेली. निघताना त्यांनाही बरोबर घेऊन येते.

लोभ आहेच, तो वाढवायच्या भानगडीत पडू नकोस. चष्मा आण.

तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. काका तिथेही पोचले म्हणजे कमालच झाली. लहानपणी चमचा हरवो की मोजा, बाबा शांतपणे सांगायचे की गच्चीवरच्या टाकीत एक काका राहतात, त्यांनी नेला. आपण त्यांच्यासाठी जिन्यात बिस्किटं ठेवायचो. ती बाबाच खायचे हे मला दहावीत कळलं. तुला आधीपासून ठाऊक होतं आणि तू सांगितलं नाहीस, याचा राग अजून आहे.

तुझ्या खोलीत बायकोने शिवणाचा क्लास काढलाय. सध्या दोनच मशीनं आहेत. तुझे प्रुफांचे गठ्ठे खोक्यांत भरून माळ्यावर टाकले, एक कागद इकडचा तिकडे झालेला नाही. तू आलीस की मशीनं हलवू. ती अजून इस्त्रीचं नाव काढलं की दचकते, पण ते होईल हळूहळू.

दुकानात तुझी भिंगं मी स्वतः घासतोय. मालकांनी चांगली फ्रेम काढून दिली. अठराला घेऊन येतो.

यातल्या चुका काढून नेहमीसारखं पत्र परत पाठव, म्हणजे तू पुरती बरी झालीस याची खात्री पटेल. डॉक्टरसाहेबांना नमस्कार सांग.

तुझ्या दुरुस्त्यांची आणि बोलण्यांची वाट पाहणारा,
छोट्या

२० मार्च

चि. छोट्यास आशीर्वाद.

परवा तुझ्याशी बोलूही दिलं नाही, म्हणून लिहिते. गोळ्या वाढवल्यात.

मंडळाच्या बाईंनी माझं नऊ तारखेचं पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. इथे आमची पत्रं कोणी फोडत नाही, तोही एक हट्ट आहे. म्हणजे ते तू दिलंस. हे टाकीतले काका कोण, असं त्यांनी मला विचारलं आणि मला हसू आलं. 'कारणाशिवाय हसते', शेजारच्या कारकुनाने लिहून घेतलं. मी म्हटलं, माझ्या भावाला विचारा, तो तुमच्यासमोर बसलाय. त्यांनी तुला विचारलं. तू मान खाली घालून सांगितलंस की आम्हाला काका नाहीत.

एवढंच बोललास तू. पुढे एक वाक्य बोलला असतास तर मी संध्याकाळी घरी असते. बाईंनी कळवळून माझ्याकडे पाहिलं आणि तीन महिने वाढवून दिले. चष्म्याची डबी तुझ्या हातात होती, तीही न देता गेलास.

मला तुझा राग आला आहे, खूप आला आहे. पण आधी काम. पंधरा दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो. त्याला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे तुझं बारा तारखेचं पत्र. बाबा, बिस्किटं, सगळं त्यात तुझ्याच अक्षरात आहे. आणि माझं शहाणपण बघ, ते मी नऊ चुका काढून चौदाला तुलाच परत पाठवलं. ते मंडळाकडे दे. बाकी काही मागत नाही.

ताई

२८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तू शांत डोक्याने विचार कर, मी खोटं काय बोललो? बाबांना भाऊ नव्हता. शपथेवर विचारलं तर शपथेवर जे खरं तेच सांगणार.

तुला तिथे नीट सांभाळतात. इथे बायको आता गाढ झोपते, हे मी आईच्या आजारापासून पाहिलं नव्हतं. क्लासला पाच मशीनं झाली. आता ती हलवायची म्हणजे कुठे, हाही प्रश्नच आहे. तू बरी नाहीस असं मी म्हणत नाही. पण घाई कशाला? तीन महिने कसे जातील ते कळणारही नाही. घरातलं एकच माणूस किती दिवस दोघींच्या मध्ये उभं राहणार, याचाही विचार तू कधी केलास का?

तू म्हणतेस ते पत्र मी शोध शोध शोधलं. टेबलाचे खण काढले, माळ्यावरची खोकी उपसली. कुठेच नाही. टाकीतल्या काकांनी नेलं असेल.

प्रकृतीला जप, गोळ्या चुकवू नकोस. तुझ्या मायेला सदैव पात्र,

छोट्या

१६ जून

मा. महोदय यांस स. न. वि. वि.

काल मंडळापुढे आपण हजर होता, तरी कागदोपत्री कळवलेलं बरं.

आपलं २८ मार्चचं पत्र मी तेव्हाच डॉक्टरांना दाखवलं होतं. बघा, याला काका माहीत आहेत, असं म्हटलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, तुमचा भाऊ मोठा समजूतदार आहे, तुमच्या कलाने घेतो. त्यानंतर मी अर्ज केला नाही. त्यांना काय ऐकायचंय ते माझ्या लक्षात आलं होतं.

म्हणून काल मी आधीच सांगून टाकलं की टाकीत कोणी नव्हतं, बाबांनी तसलं काही सांगितलं नव्हतं, बिस्किटं कोणी ठेवली नव्हती. सगळे माझ्या मनाचे खेळ. असं म्हणताना बाबांचं तोंड डोळ्यांपुढे आलं आणि मला जिवावर आलं, पण म्हटलं. मंडळाच्या बाई खूश झाल्या. डॉक्टरांनी मान डोलावली. आपला चेहरा मात्र उतरला, तो मला चष्म्याशिवायही दिसला.

सुटकेचा फॉर्म पुढे आला. फक्त सही करायची होती. दाराबाहेर माझी पिशवी भरून ठेवलेली होती. फॉर्मवर 'जवळचे नातेवाईक' असा रकाना होता आणि त्यात कारकुनाने आधीच 'सख्खा भाऊ' असं लिहून ठेवलं होतं. चूक दिसली की माझा हात थांबत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. मी ते खोडून 'कोणी नाही' असं लिहिलं.

बाईंनी विचारलं, मग हे समोर बसलेत ते कोण? मी म्हटलं, चष्म्याच्या दुकानात काम करतात. आपण रडायला लागलात. कारकुनाने लिहिलं, 'सख्ख्या भावाचं अस्तित्व नाकारते.' बाईंनी फॉर्म मागे घेतला आणि सहा महिने लिहिले. पिशवी सिस्टरने परत खाटेखाली सरकवली.

जाताना आपण चष्म्याची डबी ठेवून गेलात, ती मिळाली. नंबर बरोबर आहे.

शेवटी 'लोभ असावा' असं लिहायची पद्धत आहे. तसं लिहिलं होतं, मग खोडलं.

खाट क्रमांक सात