फेस्टीच्या कुरणातलं पिवळं

क्लिफ्डन, ता. १९ जुलै १९८६

चि. सॉर्चा हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

परीक्षा संपली, आता तरी पोटभर जेव. मागच्या खेपेस काठीसारखी दिसत होतीस.

आपली घोडी पर्ल महिनाभर खंगतेय. भिंतीला डोकं लावून उभी राहते. डॉक्टर म्हणाले, यकृत गेलंय, खाण्यात काय आलं ते शोधा. हिवाळाभर तिनं शेजारच्या फेस्टीचंच वाळलं गवत खाल्लं. तुझे काका गेल्यापासून सहा वर्षं तो न मागता गाडीभर आणून टाकतो. गेल्या वर्षापासून त्याच्या कुरणात पिवळी फुलं माजलीत. विचारलं तर हसला. म्हणाला, नोरीन, ही टॅन्सी, आजी आम्हाला हिचा काढा पाजायची. आणि घोडी या झाडाला तोंडही लावत नाही.

शनिवारी कापणी आहे. डहाळी पाठवतेय. झाडंझुडपं शिकतेस ना, मग खात्रीनं सांग. उगाच आळ घेतला तर माझा शेजार तुटेल.

तुझी,
नोरीनआत्या

गॉलवे, ता. २२ जुलै

ती. आत्यास सा. न. वि. वि.

डहाळी चेपली होती, तरी ओळखली. एका फुलाच्या कडेच्या पाकळ्या मोजल्या, तेरा भरल्या. टॅन्सीला अशा पाकळ्या नसतातच, नुसत्या पिवळ्या गुंड्या. पानं दोन्हींची कातरलेली, तिथं फेस्टीकाका फसले. हातमोजे घालून पान चुरगळ. टॅन्सीला कापरासारखा वास येतो, याला घाण येईल.

आत्या, हा आपला बुआखालान, घोड्यांचं यकृत खाणारं विषारी तण. हिरवा असताना घोडी सोडते, हे खरं. पण वाळला की कडूपणा जातो, विष राहतं. पर्लबद्दल खोटा धीर देत नाही. यावर औषध नाही. कापणी मात्र थांबव. झाडं मुळासकट उपटा आणि कुरणात पडू देऊ नका.

रागावू नकोस, लोभ आहेच.
सॉर्चा

क्लिफ्डन, ता. ३ ऑगस्ट

चि. सॉर्चा हिस आशीर्वाद.

चोवीस तारखेला, गुरुवारी सकाळी पर्ल गेली. दुपारी तुझं पत्र आलं, तेव्हा फेस्टी तिच्यासाठी खड्डा खणत होता. माती लोटून झाल्यावर त्याला वाचून दाखवलं. आधी भडकला. म्हणाला, कॉलेजातल्या पोरींना गवतातही भूत दिसतं. मी पान चुरगळून त्याच्या नाकाशी धरलं. त्यानं तोंड फिरवलं. मग हळूच विचारलं, म्हणजे तुझी घोडी मीच मारली का गं?

मी म्हटलं, सहा हिवाळे तूच जगवलीस. आता तुझी गाभण घोडी वाचवायची आहे, ऊठ.

त्यानं कापणीचं यंत्र परत पाठवलं. तेव्हापासून दोघं रोज उपटतोय. पाठ धरलीय, तळहात मोज्यांतही सोलवटलेत. अर्धं कुरण झालं, अर्धं बाकी. उरलेलं झाल्याशिवाय मी बसणार नाही. फेस्टी म्हणतो, पहिल्या वर्षी याला फूलच नसतं, नुसती जमिनीलगत पानं. ती कशी ओळखायची ते पोरीला विचार.

विचारत नाही. शुक्रवारच्या बसनं ये आणि वाकून दाखव. मोज्यांचा तिसरा जोड फेस्टीनं स्वतः आणून ठेवलाय.

वाट पाहणारी,
नोरीनआत्या