चार नंबरचा हिरवा ठिपका

४ ऑगस्ट
आले एकदाची. शहराच्या कॅम्पातून विणकरांच्या शहापुरात यायचं म्हणजे रिक्षाचा जरासा प्रवास, पण मैत्रिणींनी निरोप असा दिला की जणू मी विलायतेला निघाले. एकसष्टाव्या वर्षी लग्न, तेही साड्या विणणाऱ्या विधुराशी! बसू दे त्यांना धक्का. नागोजी माझ्या बँकेच्या खिडकीपुढे वर्षानुवर्षं उभे राहिले, एकदाही रांग मोडली नाही. आमच्या कॉन्व्हेंटच्या नन्सनीही त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते.

घर छान आहे. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून थेट शेडमध्ये जाता येतं. सहा यंत्रमाग, त्यातले पाच चालतात. खिडकीजवळचा चौथा बंद. त्यावर अर्धी मोरपंखी साडी तशीच आहे. ती पहिल्या बायकोची, चंद्राबाईची. त्याच मागापाशी उभ्या उभ्या कोसळली म्हणे. कामाला येणाऱ्या जयाबाईनं सांगितलं की साडी ज्याच्या नावावर सुरू झाली त्यानंच ती पुरी करून मागावरून उतरवायची, ही इथली रीत आहे. अर्धी असताना दुसऱ्यानं आपल्या नावावर घेतली, तर पहिला सुटतो आणि दुसरा अडकतो. अडगळ सांभाळायला सबब उत्तम.

एकच खटकलं. नागोजी मला अजून 'मॅडम' म्हणतात. ती मात्र 'चंद्रा'. असो. म्हणतील मंगल, घाई नाही.

९ ऑगस्ट
कल्पना माझी. बँकेत निम्मा जन्म संगणकापुढे काढला, तो काही उगाच नाही. सौरव नावाचा इंजिनियर येऊन प्रत्येक मागाला एक छोटी डबी बसवून गेला. माग किती विणतो, धागा कुठं तुटतो, सगळं फोनवर दिसतं. चालू असेल तर हिरवा ठिपका, बंद असेल तर लाल. बसल्या जागेवरून माग चालू-बंदही करता येतो.

प्रत्येक मागापुढे चालवणाऱ्याचं नाव घालावं लागतं. नागोजींनी हट्टानं चौथ्यालाही डबी लावून घेतली आणि नाव सांगितलं, चंद्रा. मेलेल्या माणसाची हजेरी लावणार का, असं मी विचारलं. सौरव मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, नाव टाकल्याबिगर सिस्टीम माग घेतच न्हाय."

१३ ऑगस्ट
चौथा ठिपका हिरवा आहे. मागाचा पट्टा काढून ठेवलेला, मोटार गार. सौरवनं वायरींची गल्लत म्हणून डबी बदलली. नवीही हिरवी. जयाबाईनं मागाला हात जोडले. "आक्का कुटं जातीया वो, लुगडं अर्धं टाकून?" मी म्हटलं, तुझ्या चंद्राआक्काला सांग, ओव्हरटाइम मिळणार नाही. कुणी हसलं नाही.

नागोजी मात्र हसले. माझ्याकडे बघून नव्हे, फोनकडे बघून.

१७ ऑगस्ट
आता जेवतानाही फोन ताटाशेजारी. आज मी नन्सकडून शिकलेला केक केला. दोन घास खाल्ले आणि म्हणाले, चंद्राला गोड लई आवडायचं. बोलताना अंगठा त्या ठिपक्यावरून असा फिरत होता, की मला नजर वळवावी लागली. परवा निपाणीहून फोन केला तेव्हा मी जेवले का, हे नाही विचारलं. "चौथा चालू हाय न्हवं, मॅडम?"

जयाबाईनं आणखी भर घातली. नागोजींनी चहा मागितला की चंद्रा मागापासूनच ओरडायची, "ठेवतो की वो!" बाई असून 'ठेवतो'! कॉन्व्हेंटात असं बोलले असते तर तोंड साबणानं धुतलं असतं.

जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. ठिपक्याशी काय भांडणार?

२३ ऑगस्ट
अमावास्या. आज शहापुरात माग चालवत नाहीत, गल्लीत कान बधिर करणारी शांतता. नागोजी निपाणीला गेलेत. पाच ठिपके लाल. चौथा हिरवा.

शेडमध्ये जाऊन पाहिलं. साडी वाढली आहे, चांगली हातभर. काठ सरळ, पोत एकसारखा. नन्सनी वाखाणलेलं माझं भरतकाम याच्यापुढे काहीच नाही. भीती वाटायला हवी होती. मला राग आला.

सिस्टीम उघडली, चंद्रा पुसलं. जागा रिकामी ठेवू देईना. मग लिहिलं, मंगल. दिवसभर ठिपका बघतात ना, मग माझं नाव बघू देत. पडद्यावर प्रश्न आला, हा माग या नावाकडे सोपवायचा का? होय.

ठिपका लाल झाला. मग पुन्हा हिरवा.

शेडमध्ये येताना मागचं दार मी लावलं नव्हतं. आता लागलेलं आहे.

२४ ऑगस्ट
बोटांना मोरपंखी रंग. साबणानं जात नाही. सकाळी स्वयंपाकघरात जायला निघाले आणि चौथ्या मागापाशी पोचले. पुन्हा निघाले — पुन्हा तिथंच.

जयाबाई समोरून गेली. मी हाक मारली. तिनं माझ्यातून पलीकडे पाहिलं. मागाला म्हणाली, "आक्का, आज लई जोरात चाललीयास गं."

२५ ऑगस्ट
पाय हलत नाहीत. वही मागाच्या पट्टीवर टेकवून लिहिते आहे. उजवा हात मध्येच धाग्याकडे जातो —

मागचं दार उघडं आहे. स्वयंपाकघरात कुणीतरी पाठमोरी. माझी निळी साडी. माझा चष्मा. वळली —

मीच.

नागोजींनी हाक मारली. "मंगल, च्या ठेव गं." मंगल म्हणाले. पहिल्यांदा. आणि तिनं —

"ठेवतो की वो!" आवाज माझा.

जयाबाई खरं सांगत होती. चंद्रा सुटली. साडी आता माझ्या नावावर. उतरवीन मी. फार नाही राहिली. वीतभर. वीतभर झाली की —

ती त्यांना फोन दाखवते आहे. म्हणते, मोकळा माग कशाला चालू दिसतोय, बंद करा की. ते हसले. म्हणाले, इथं तर तुझंच नाव हाय गं. ती म्हणाली, माझं कशाला, मी हितं हाय की तुमच्याजवळ —

अहो, थांबा. अंगठा काढा. वीतभरच — तो ठिपका मी आहे — नागोजी, मी मं