गेरूची खूण आणि सूर्याचे हरवलेले कण

आबा, तुम्ही गेल्याला वीस वर्षं होऊन गेली. जुळे सोलापुरातल्या माझ्या स्वयंपाकघरात जुना प्रबंध उघडून बसले आहे. सूर्यातून येणाऱ्या न्यूट्रिनो नावाच्या सूक्ष्म कणांवर मी पुन्हा काम सुरू करते आहे. कॉलेजातले लोक म्हणतात, रिटायर व्हायच्या वयात ही नसती उठाठेव कशाला? म्हणू देत.

मेंढरं कातरायचा तो दिवस आठवतो? निम्मी कातरून झाली होती. चुलत्याची मेंढरं आपल्याच वाडग्यात, एकाच कुंपणात असायची, म्हणून आपल्यांच्या पाठीवर गेरू लावलेला. मी वाडग्याच्या तोंडाशी मोजते आहे आणि निम्मी मेंढरं कमी भरताहेत. रडकुंडीला येऊन तुम्हाला हाक मारते. तुम्ही आत बघता आणि खेकसता, "आगं येडे, हितंच हायती की समदी! गेरू लोकरीसंगं गेला. खुना काय मोजतीस, तोंडं वळख!"

पुढे पुण्यात शिकताना कळलं, सूर्याचे कणही असेच कमी भरतात. मला लगेच वाडगं आठवलं. ते हरवले नसतील, त्यांची खूण गेली असेल. हा कण म्हणजे इवलासा चुंबक असेल, सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रात उलटा होत असेल, म्हणून यंत्राला दिसत नसेल, असं मी प्रबंधात मांडलं. तुम्ही करमाळ्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटलात, "माजी पोरगी सुर्याची हरवल्याली मेंढरं हुडकतीया."

मग परदेशातल्या प्रयोगांतून या कोड्याचं उत्तर आलं. कण वाटेत आपला प्रकारच बदलतात, आणि यंत्रं मुख्यतः एकच प्रकार मोजत होती. खूण जाते हे खरं, पण चुंबकामुळे नव्हे. माझी सहा वर्षं पाण्यात गेली आणि मला ते फार लागलं. पण त्याच उत्तरातून कणाला वस्तुमान आहे हे ठरलं, आणि वस्तुमान असेल तर थोडं तरी चुंबकत्व असायला हवं, असं गणित सांगतं. ते अजून कुणालाच मोजता आलेलं नाही. मी आता त्याच्याच मागे लागणार आहे. जमेल न जमेल, हटणार मात्र नाही.

हे पत्र कुठे धाडणार? प्रबंधातच ठेवते. शेवटी दवाखान्यात तुम्ही विचारलंत, "घावली का गं समदी?" मी म्हणाले, "घावली, आबा." तुम्ही शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगितलंत, "आमच्या पोरीनं हुडकली." सापडली होती, आबा. पण मी हुडकली नव्हती.