आईनंतरचं पहिलं पत्र

मैलापूर, चेन्नई
१८ नोव्हेंबर २००७

चि. कौशिक यास ताईचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्याआधी वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार. मराठी वाचणारा मिळेना म्हणून मागचं पत्र तुरुंगाच्या ऑफिसात महिनाभर पडून होतं. तमिळमध्ये लिहिलं तर लवकर पोचेल, पण हे मला तमिळमध्ये लिहिता येणार नाही.

माझी तब्येत बरी आहे. पाऊस चालू आहे. बँकेत गेल्या आठवड्यापासून जायला लागले.

आई गेली त्या दिवशी तू कपडे करून गेटपाशी बसून होतास, असं वकील विजयकुमार म्हणाले. कोर्टाची परवानगी होती, पण तुला आणायला पोलीस मोकळे नव्हते. आम्ही चारपर्यंत थांबलो. शेजारचे माधवराव म्हणाले, "अजून किती थांबायचं, पोरी? आला तरी बेड्या घालूनच येणार." मी म्हटलं, "येऊ दे. आई ओळखेल."

गुरुजींनी विचारलं, "मुलगा कुठंय?" माधवराव म्हणाले, "सरकारी कामात अडकलाय." खोटं तरी कुठे होतं. मग अग्नी मी दिला.

संध्याकाळी घरी आल्यावर मी रेडिओ लावते आणि त्याच्याशीच बोलते. नाहीतर दुसऱ्या दिवशी बँकेत कुणी हाक मारेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघालेला नसतो.

विजयकुमार परवा पुन्हा येऊन गेले. तीन वर्षं झाली, खटला अजून उभा राहिलेला नाही. गोदामातला माल तूच विकलास असं कबूल केलंस, तर आत काढलेले दिवस शिक्षेत धरून सोडतील, असं त्यांना वाटतं. नाहीतर किती वर्षं, ते त्यांनाही सांगता येत नाही. आई म्हणाली होती, "न केलेल्या चोरीखाली माझ्या मुलाची सही नको." तिच्यासाठी तूही नाही म्हणालास. आईचं बरोबर होतं. आजही आहे.

तरी तू सही कर. वाचणाऱ्यांना काय वाटायचं ते वाटो. नोकरी मिळणार नाही, लोक बोलतील, ते मला कळतं. आपण दोघं ऐकून घेऊ. एकटीने खरं धरून बसायला मी आईएवढी घट्ट नाही.

तू चोर नाहीस, हे मी आजच्या तारखेला लिहून देते. पुढे कागदोपत्री उलटं होईल, तेही तुझ्याच सहीने.

नाही म्हणालास तरी दर महिन्याला भेटीला येईनच.

तुझ्या घरची, आता एकटीच,
क्षमाताई