पुन्हा घ्या

ओरेलियाँ,

काल तुला पुरलं. तुला सोडून आठ वर्षं झाली तरी मी आले, पण रडायचं नाही असं ठरवूनच आले.

सिनेमापायी या गावच्या कोळ्यांना तू किती छळलंस! भर वादळात होड्या लोटायला लावल्यास. प्रत्येक दृश्यानंतर त्या जागेची नुसती शांतता मी टेपवर घ्यायची, आणि तू ‘कट’ म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. एकदा सोआझिग म्हातारी खोकली, तर तिच्या अंगावर कॉफीचा कप भिरकावलास.

काल माती लोटून झाली. पाद्री प्रार्थना आटोपून निघून गेला, तरी गावकरी जागचे हलेनात. मला जरा वेळाने उमगलं, ते ‘कट’ची वाट बघत होते.

तेवढ्यात सोआझिगला खोकला आला.

“आता तरी कप फेकू नकोस, मेल्या,” ती कबरीला म्हणाली. मग डोळे पुसून माझ्याकडे वळली, “चुकलं माझं, बाई. पुन्हा घ्या.”

सगळे पुन्हा स्तब्ध. फक्त समुद्र ऐकू येत होता. तू नाहीस म्हटल्यावर ‘कट’ मीच म्हणायला हवं होतं.

मी अजून म्हटलेलं नाही.

तुझी ध्वनिमुद्रक,
सोलांज